‘अवलंबित्व गुणोत्तर’ की ‘परावलंबन’?

प्रश्न (कराड): स्पर्धा परीक्षेच्या एका पुस्तकात ‘अवलंबित्व गुणोत्तर’ आहे, दुसऱ्यात ‘परावलंबन प्रमाण’. दोन्ही एकच का? आणि भारताचं गुणोत्तर घटलं म्हणजे नेमकं काय घटलं?

उत्तर (सातारा): एकच. ०-१४ वयाची मुलं आणि ६५ व त्यापुढचे वृद्ध यांची बेरीज करायची, १५-६४ वयोगटाच्या संख्येने भागायचं, १०० ने गुणायचं. आपल्या जनगणनेत मात्र साठीपासून ज्येष्ठ धरतात, म्हणून तिथे १५-५९. आकडा वाचण्याआधी वयाची रेघ कुठे ओढलीय ते बघाच.

मी ‘अवलंबित्व’ लिहितो. ‘परावलंबी’ म्हटलं की ठपका येतो. तान्हं पोर आईवर अवलंबून असतं, त्याला परावलंबी कुणी म्हणत नाही.

१९६० च्या दशकात भारताचा आकडा ८० च्या आसपास होता, आता ५० च्या खाली आहे. घटली ती मुलांची बाजू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी होणारी मुलं, २.० वर आला, महाराष्ट्राचा तर १.७. वृद्धांची बाजू वाढतेच आहे, त्यामुळे हा आकडा पुढे पुन्हा चढणार.

जपान बघा. १९५० साली तिथे गुणोत्तर ६७ च्या आसपास होतं. १९९० च्या सुमारास ते ४५ च्या खाली गेलं आणि आता परत ७० च्या जवळ आलंय. पण १९५० साली दर १०० कमावत्या वयाच्या माणसांमागे साठेक मुलं होती, वृद्ध जेमतेम आठ. आज मुलं विसाच्या आसपास, वृद्ध पन्नासच्या घरात. आकडा जवळपास तोच, पण तेव्हा शाळा बांधायच्या होत्या, आता पेन्शन आणि शुश्रूषा पुरवायची आहे.

प्रतिसाद (पाटण): सर, आमच्याकडे याला सरळ ‘मिळवते आणि खाणारे’ म्हणतात. ते का नको?

उत्तर (सातारा): बोलताना चालेल ताई, व्याख्येत नको. तुमच्याच भागात भातलावणीला वाकलेल्या सत्तरीच्या आजी या हिशोबात ‘अवलंबित’ ठरतात, आणि कॉलेजात शिकणारा वीस वर्षांचा नातू ‘कमावता’. इथे फक्त वय मोजतात, काम नाही. शिवाय माथाडीला मुंबईत गेलेला मुलगा तिथल्या गणतीत जातो, म्हणून गावाचं गुणोत्तर फुगतं.

प्रतिसाद (कराड): मग ‘वयाधारित अवलंबित्व गुणोत्तर’ लिहू?

उत्तर (सातारा): तेच लिहा. आणि ‘गुणोत्तर घटलं’ म्हणा. ‘अवलंबित्व घटलं’ असं लिहू नका, तो अर्थ यातून निघत नाही.