सीट भरल्याशिवाय गाडी न सोडण्याची पद्धत: इतर देशांत यावर काही उपाय झाला आहे का?

प्रश्न: कोयनाकाठ

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात वडापने, म्हणजे सीटमागे भाडे घेणाऱ्या खाजगी जीप-ट्रॅक्सने ये-जा करणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. स्टँडबाहेर ट्रॅक्स उभी असते, चालक गावाचे नाव पुकारत असतो, आत सहा-सात माणसे बसलेली असतात आणि 'दोन सीट आल्या की निघालोच' या आश्वासनावर पाऊण तास निघून जातो. शेवटी गाडी सुटते ती क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेऊन, आणि पुढच्या फाट्यावर उन्हात उभ्या असलेल्या म्हातारीने हात केला तरी तिला जागा मिळत नाही. एसटीच्या दुपारच्या फेऱ्या मोजक्याच असल्यामुळे वडापवाचून गत्यंतरही नसते.

चालकाला नावे ठेवून हा विषय संपतो, असे मला वाटत नाही. आफ्रिका, तुर्कस्तान, फिलिपिन्स, लॅटिन अमेरिका अशा एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या ठिकाणी हीच रीत आढळते, म्हणजे तिच्यामागे स्वभावापेक्षा हिशेब असला पाहिजे. हा हिशेब नेमका कसा चालतो, आणि अशा खाजगी गाड्यांना कोठे वेळापत्रकावर आणता आले असेल तर त्या बदल्यात काय गमवावे लागले, हे मला समजून घ्यायचे आहे. पर्यटनातले अनुभव शक्यतो नकोत; जे रोज अशा गाड्यांतून जातात किंवा या क्षेत्रात काम करतात, त्यांनी लिहावे.

उत्तर: जोबर्गकर

जोहान्सबर्गमध्ये मी रोज मिनीबस टॅक्सीने कामावर जातो. इथे टॅक्सी म्हणजे पंधरा-सोळा आसनांची पांढरी टोयोटा, आणि दक्षिण आफ्रिकेत सार्वजनिक वाहनाने प्रवास करणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक बस किंवा रेल्वेऐवजी हीच वापरतात. वर्णभेदी राजवटीत कृष्णवर्णीय वस्त्या शहरापासून मुद्दाम दूर वसवल्या गेल्या आणि त्यांना जोडणारी वाहतूक कधीच पुरेशी नव्हती. ती पोकळी या गाड्यांनी भरून काढली. 1987-88 च्या सुमारास सरकारने परवान्यांवरचे निर्बंध एकदम सैल केले, तेव्हा गाड्यांची संख्या इतकी वाढली की मार्गांच्या मालकीवरून टॅक्सी संघटनांमध्ये गोळीबारापर्यंत मजल गेली.

आता हिशेबाकडे येतो. बहुतेक चालक गाडीचे मालक नसतात. मालकाला ठरलेली रक्कम द्यायची, इंधन भरायचे आणि उरेल ते स्वतःचे, अशी व्यवस्था सर्रास आहे. रिकामी सीट गेली तर तिचा तोटा मालकाला लागत नाही. तो चालकाच्या खिशातून जातो. मात्र यातही एक बारकावा आहे, आणि तो बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. रँकवर म्हणजे टॅक्सींच्या तळावर संघटनेचा माणूस गाड्यांचा क्रम लावतो. पहिली भरल्याशिवाय दुसरीत कोणी बसायचे नाही. एखाद्या चालकाला पाच सीट कमी असताना निघायचे असेल, तरी त्याला ते परवडत नाही, कारण परत आल्यावर तो पुन्हा रांगेच्या शेवटी उभा राहतो. त्याने थांबण्यात काढलेला वेळ हीच त्याची गुंतवणूक असते, आणि ती अर्धवट सोडून जाणे कोणालाच नको असते.

फाट्यावरच्या म्हातारीचा प्रश्न इथे वेगळ्या तऱ्हेने हाताळला जातो. रस्त्याकडेला उभा असलेला माणूस बोटांनी खूण करतो. तर्जनी वर केली तर शहराच्या मध्यवस्तीत जायचे आहे. खाली दाखवली तर जवळच, त्याच भागात उतरायचे आहे. चालक लांबूनच ही खूण वाचतो आणि त्या टप्प्यात सीट रिकामी होणार असेल तर थांबतो. पैसे मागून पुढे हातोहात येतात, आणि चालकाशेजारी बसलेल्या प्रवाशावर सर्वांची मोड परत करण्याची जबाबदारी आपसूक पडते; ज्यांचे गणित कच्चे आहे ते त्या सीटवर बसायला कां-कूं करतात.

वेळापत्रकाचा प्रयोग इथेही झाला. 2009 मध्ये रेआ वाया ही स्वतंत्र मार्गिकेवरून धावणारी बससेवा सुरू झाली. ज्या टॅक्सीमालकांचे मार्ग तिच्याखाली गेले, त्यांच्यापैकी अनेकांना गाड्या काढून घेऊन बसकंपनीत भागधारक करण्यात आले आणि चालकांना पगारी नोकऱ्या मिळाल्या. बससेवा चालू आहे, पण शहर अजूनही टॅक्सीवरच चालते, कारण बस काही मोजक्याच रस्त्यांवरून जाते.

उत्तर: कौलूनवासी

तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला हाँगकाँगइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल, कारण इथे दोन्ही पद्धती एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी दिसतात. 1967 च्या दंगलींमध्ये बसकामगार संपावर गेले, तेव्हा बेकायदा धावणाऱ्या छोट्या गाड्यांनी शहर चालू ठेवले. हे पाहून सरकारने 1969 मध्ये त्यांना कायदेशीर केले आणि पुढे त्यांची एकूण संख्या 4,350 वर गोठवली. ती मर्यादा आजही तशीच आहे. 2017 मध्ये आसने मात्र 16 वरून 19 करण्याची परवानगी मिळाली.

या मिनीबसचे छत लाल असते किंवा हिरवे. लाल छपराच्या गाडीला बहुतांशी ठरलेला मार्ग नाही आणि ठरलेले भाडेही नाही; चालक पाळीपुरती गाडी भाड्याने घेतो, जमलेले पैसे स्वतः ठेवतो आणि साहजिकच भरल्याशिवाय निघायला नाखूष असतो. हिरव्या छपराच्या गाडीचा मार्ग, भाडे आणि फेऱ्यांचे वेळापत्रक परिवहन विभाग मंजूर करतो. चालवणारी संस्था पूर्ण मार्गाची जबाबदारी घेते आणि चालकाला बहुधा वेतन मिळते. सरकारने लाल गाड्या जबरदस्तीने बंद केल्या नाहीत. नवे मार्ग हिरव्यांना देत, लालांना नव्या द्रुतगती रस्त्यांवर आणि नव्या वसाहतींत मज्जाव करत, त्यांना रंग बदलण्यास हळूहळू प्रवृत्त केले. याला चार-पाच दशके लागली, आणि आज साधारण तीन चतुर्थांश गाड्या हिरव्या आहेत. मला या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच संथ गती वाटते.

पण हिरव्या गाडीने वाटेतल्या प्रवाशाचे प्रश्न सुटले, असे समजू नका. मिनीबसमध्ये उभे राहून प्रवास करायला मनाई आहे. सकाळी पहिल्याच थांब्यावर गाडी भरली की पुढच्या चार थांब्यांवरची माणसे तिच्याकडे नुसती पाहत राहतात. वेळापत्रक पाळले जाते, पण म्हातारी फाट्यावरच राहते. रात्री उशिरा बहुतेक हिरव्या गाड्या बंद होतात, तेव्हा माँगकॉकहून लांबच्या वस्त्यांपर्यंत पोचवायला पुन्हा लाल गाडीच उपयोगी पडते. तिच्यात चालकाच्या डोक्यावर वेग दाखवणारा लाल आकड्यांचा फलक असतो. कायद्याने तो प्रवाशांना दिसेल असाच बसवावा लागतो, आणि मध्यरात्रीनंतर सगळ्यांची नजर त्याच्यावर खिळलेली असते.

उत्तर: थांबा_क्रमांक

मी शहर वाहतूक नियोजनात काम करतो. वरच्या दोन्ही उत्तरांतून एक गोष्ट निघते: रिकाम्या सीटचा तोटा कोणीतरी सोसतोच, आणि तो कोणावर टाकला आहे त्यावरून गाडीची वागणूक ठरते. तो चालकावर असेल तर चालक थांबून राहतो, म्हणजेच आपला तोटा प्रवाशाच्या वेळेत वळता करतो. तो चालकावरून पूर्णपणे उचलला तर काय होते, यासाठी चिलीची राजधानी सांतियागो पाहावी.

तिथे हजारो छोट्या मालकांच्या पिवळ्या बस होत्या आणि चालकाची कमाई तिकिटांवर अवलंबून होती, त्यामुळे एकाच थांब्यावरचे प्रवासी पकडण्यासाठी दोन बस शर्यत लावत. 10 फेब्रुवारी 2007 रोजी हे सगळे एका दिवसात बदलून ट्रान्ससांतियागो नावाची नवी व्यवस्था लागू झाली. चालक पगारी झाले आणि कंपन्यांना मिळणारा मोबदला प्रत्यक्ष प्रवासीसंख्येशी फारसा बांधलेला नव्हता. परिणाम असा झाला की सुरुवातीच्या महिन्यांत पुरेशा बस रस्त्यावर आल्याच नाहीत, ज्या आल्या त्यांना थांब्यावर थांबण्याची घाई नव्हती, मेट्रोत श्वास घ्यायला जागा उरली नाही आणि राष्ट्राध्यक्षा मिशेल बाचेलेत यांना जनतेची जाहीर माफी मागावी लागली. पुढे 2012 च्या सुमारास करार बदलून वाहून नेलेल्या प्रवाशांच्या संख्येला मोबदल्यात मोठे वजन देण्यात आले. तोटा पुन्हा थोडासा बस चालवणाऱ्या कंपनीकडे सरकवला, असेच त्याचे वर्णन करता येईल.

आपल्याकडेही पुण्यात किंवा मुंबईत ठेकेदाराच्या बसला किलोमीटरमागे दर मिळतो. बस रिकामी धावली तरी ठेकेदाराचे पैसे बुडत नाहीत. तूट परिवहन संस्थेच्या, म्हणजे अंतिमतः करदात्याच्या माथी येते. शहरात हे समर्थनीय आहे. कोयना खोऱ्यातल्या दुपारच्या फेरीसाठी ही तूट कोण उचलणार, हा प्रश्न मात्र विचारावाच लागेल.

आणि एक कायदेशीर अडचण. मोटार वाहन अधिनियम, 1988 नुसार प्रत्येकाकडून वेगळे भाडे घेऊन वाटेत माणसे चढवणे-उतरवणे ही टप्पा वाहतूक ठरते, आणि वडापच्या गाडीकडे तो परवाना सहसा नसतो. अशा चालकाने प्रामाणिकपणे वेळापत्रक लिहून लावले, तर तो स्वतःविरुद्धचा पुरावाच लावून ठेवील. म्हणजे ज्या शिस्तीची आपण अपेक्षा करतो, ती पाळण्याचा मार्गच कायद्याने बंद आहे. हाँगकाँगने आधी कायदेशीर केले आणि मग शिस्त लावली, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

कोयनाकाठ

सर्वांचे आभार. तोट्याच्या वाटणीचा मुद्दा मला नवा होता. तरी वाटेतल्या प्रवाशाला कोणत्याच पद्धतीत नीट जागा दिसत नाही. वडाप चालवणारे कोणी इथे असेल तर यावर त्यांचे म्हणणे वाचायला आवडेल.

उत्तर: नंबरातली_गाडी

मी अनेक वर्षे पाटण भागात स्वतःची जीप चालवली, आता मुलगा चालवतो. जोहान्सबर्गच्या रांगेचे वर्णन वाचून आश्चर्य वाटले, कारण आमच्याकडेही नंबर लागतो आणि नंबर सोडून भरलेल्या गाडीवरून भांडणे होतात. दुपारी अर्धी गाडी घेऊन निघालो आणि पलीकडून परतीचे भाडे मिळाले नाही, तर दोन्ही बाजूंचे डिझेल अंगावर येते. बाजाराच्या दिवशी कोणालाच थांबावे लागत नाही, हे प्रश्नकर्त्यानेही पाहिले असेल. जादा माणसे भरण्याचे समर्थन मी करणार नाही. घाटातल्या वळणावर मागे लटकलेला माणूस आरशात दिसतो तेव्हा चालकाचाही जीव टांगणीला लागतो.

फाट्यावरच्या माणसासाठी आता मोबाइलमुळे एक रीत पडली आहे. तो चालकाला आधी फोन करतो, चालक स्टँडवरून निघताना एक सीट मोकळी ठेवतो, आणि त्या बदल्यात त्या प्रवाशाने स्टँडपासूनचे पूर्ण भाडे द्यायचे असते. दवाखान्यात जाणारे आणि परीक्षेला निघालेली मुले याचा उपयोग करतात. फक्त ऐन वेळी घासाघीस होऊ नये म्हणून भाडे फोनवरच ठरवून घ्यावे, आणि यायचे रद्द झाले तर गाडी सुटण्यापूर्वी कळवावे, नाही तर पुढच्या खेपेस सीट राखली जात नाही.