ड्रोनचं चित्र कॉगमध्येच मागा, ईसीडब्ल्यू आणि सिड पुरे झालं

गावशिव (धागाकर्ता)
एका गावाच्या ड्रोन सर्वेक्षणाचं जोडचित्र गेल्या महिन्यात हाती आलं. पेनड्राइव्हवर एकच ईसीडब्ल्यू फाइल (सिडसारखाच, चित्र खूप दाबून साठवणारा कंपनीच्या मालकीचा फॉरमॅट). ऑफिसच्या विंडोजवर क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली, झटकन उघडली, सगळे खूश. मग ती लोकांना ब्राउझरमध्ये दाखवायची म्हणून आमच्या लिनक्स सर्व्हरवर चढवली, तर तिथल्या जीडॅलला (नकाशाच्या फाइली वाचणारं-लिहिणारं खुलं सॉफ्टवेअर) हा फॉरमॅट ठाऊकच नाही. कंपनीचं एसडीके, म्हणजे हा फॉरमॅट वाचणारा कोड, वेगळं आणा, ते जोडून जीडॅल नव्याने बांधा, आणि सर्व्हरवरून वाटायचं तर परवान्याचे पैसे वेगळे. चित्र गावाचं, पैसे गावाचे, आणि कुलपाची किल्ली परदेशातल्या कंपनीकडे!

माझं म्हणणं सरळ आहे. लोकांसाठी प्रसिद्ध करायचं चित्र कॉगमध्येच, म्हणजे क्लाउड ऑप्टिमाइझ्ड जिओटिफमध्येच घ्यावं, आणि तसं वर्क ऑर्डरमध्येच लिहावं. कॉग म्हणजे नेहमीचंच टिफ, फक्त आतली मांडणी शिस्तीची: ५१२ बाय ५१२ चे चौकोन, सोबत दुरून बघताना दाखवायला त्याच चित्राच्या लहान आवृत्त्या आणि कुठला चौकोन कुठल्या बाइटवर आहे त्याची यादी सुरुवातीलाच. ब्राउझर ती यादी वाचतो आणि हवे तेवढेच तुकडे मागतो. साध्या वेबसर्व्हरवर फाइल ठेवली की झालं. जीडॅल ३.१ पासून, म्हणजे २०२० पासून, ही फाइल एका ओळीच्या कमांडने बनते. २०२३ मध्ये ओजीसी या नकाशा-डेटाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने त्याला मानकाचा दर्जाही दिला.

जरीब
गावशिव, तुम्ही तरुण दिसता. आम्ही ७०० एमबीच्या सीडीवर तालुके वाहिलेत. हिशोब करा: १ चौरस किलोमीटर, ५ सेंटीमीटरचा पिक्सेल, म्हणजे २०,००० गुणिले २०,०००, चाळीस कोटी पिक्सेल. तीन रंगांचे १.२ जीबी. ते ईसीडब्ल्यूत १:२० ने दाबलं की ६० एमबी. साध्या डोळ्याला फरक कळत नाही. आणि ज्या लहान आवृत्त्यांचं तुम्ही कौतुक करताय, त्या वेव्हलेटमध्ये, म्हणजे ईसीडब्ल्यूच्या दाबण्याच्या पद्धतीत, फुकट मिळतात, कारण चित्र मुळातच अर्धं-अर्धं करत साठवलेलं असतं. तुमच्या टिफमध्ये त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात, एक तृतीयांश बोजा वाढतो.

शिवारात नेट नसतं हो. ग्रामसेवकाच्या जुन्या लॅपटॉपवर ६० एमबीची फाइल पळते. तिथे तुमचा क्लाउड काय कामाचा?

गावशिव
काका, एक तृतीयांश मान्य. पण तुम्ही दाबलेलं ईसीडब्ल्यू न दाबलेल्या टिफशी तोलताय. कॉगच्या आत जेपेग चालतं. याच आकाराच्या दुसऱ्या गावाची मूळ टिफ माझ्याकडे होती, ती जेपेगच्या ८५ क्वालिटीला दाबून कॉगमध्ये बसवली. लहान आवृत्त्यांसकट १८० एमबी. तुमच्या तिप्पट, खरंय. पण पेनड्राइव्ह आता ३२ जीबीचा मिळतो, आणि ही फाइल नेटशिवायही त्याच लॅपटॉपवर उघडते. नावात क्लाउड आहे म्हणून ती आकाशातच राहते असं नाही.

टाइलवाली
बाजू गावशिवची घेते, पण एक खोच राहिली. जोडचित्राच्या कडेला जिथे डेटा नाही तिथे काळा रंग, शून्य. जेपेगने दाबलं की ते शून्य शून्य राहत नाही, १, २, ५ असं काहीबाही होतं. मग 'शून्य म्हणजे पारदर्शक' सांगूनही गावाभोवती काजळीची झालर दिसते. माझ्या एका नकाशावर सरपंचांनी विचारलं होतं, "ही आग कुठे लागली?" म्हणून कडा आधी अल्फा बँडमध्ये (कुठे पारदर्शक ते सांगणारा वेगळा थर) टाका. जीडॅलचा कॉग ड्रायव्हर, म्हणजे कॉग लिहिणारा भाग, जेपेगसोबत त्याचा मास्क बनवतो आणि मास्कला जेपेगची खोट लागत नाही. ईसीडब्ल्यू आणि सिडवाल्यांनीही ही झालर भरपूर पाहिली आहे, त्यामुळे जरीबकाकांनी हसू नये.

आणि पिक्सेलच्या नेमक्या किमतींवरून पीक-निर्देशांक (पिकाची तब्येत सांगणारा आकडा) काढायचा असेल तर जेपेग नकोच. तिथे डिफ्लेट किंवा झेडस्टँडर्ड, म्हणजे काहीही न गमावता दाबणाऱ्या पद्धती, फाइल मोठी झाली तरी चालेल.

जरीब
हसलो नाही. झालर झाडण्यात माझे किती रविवार गेले ते मलाच ठाऊक.

पण खुल्या फॉरमॅटचाच आग्रह असेल तर जेपेग २००० काय वाईट आहे? वेव्हलेटही आहे, मानकही आहे. सेंटिनेल-२ उपग्रहांची दृश्यं युरोपियन स्पेस एजन्सी त्यातच देते, १०,९८० बाय १०,९८० पिक्सेलची.

गावशिव
देते, आणि तरीही त्याच दृश्यांच्या कॉग प्रती ॲमेझॉनच्या क्लाउडवर कुणीतरी बनवून ठेवल्याच ना? जेपी२, म्हणजे जेपेग २०००, उलगडायला प्रोसेसर घाम गाळतो. हजार लोक एकदम नकाशा सरकवायला लागले की कळतं.

वेव्हलेटच्या मालकीचा इतिहासही बघा. सिडचा जन्म लॉस अलामोसच्या सरकारी प्रयोगशाळेतला, बाजारात आणलं लिझार्डटेकने. त्यांनी ईसीडब्ल्यूवाल्या अर्थ रिसोर्स मॅपिंगला पेटंटवरून कोर्टात खेचलं. २००५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयात लिझार्डटेक हरली. पेटंटमधल्या एका हक्काच्या कलमात (क्लेममध्ये) जेवढं मागितलं तेवढं त्याच पेटंटमध्ये समजावलेलंच नाही, म्हणून ते कलमच रद्द. पुढे ईसीडब्ल्यू हेक्सागॉनच्या घरात गेलं, तिथेही लायका, अर्डास, इंटरग्राफ अशा पाट्या बदलत राहिल्या. दर वेळी परवान्याची अट कुणाला विचारायची?

जरीब
घर बदललं तरी २००४ ची माझी फाइल आजही उघडते. हे विसरू नका.

बांधावरून
मी मधलाच. कॉग केलं, स्वस्तातल्या होस्टिंगवर ठेवलं, नकाशा उघडला आणि चक्र फिरतच राहिलं. ब्राउझरची नेटवर्क यादी उघडून बघितलं: पहिले काही केबी मागितले होते, उत्तरात २०६ ('हा घ्या तुकडा') यायला हवं होतं, आलं २०० ('ही घ्या सगळी फाइल'), आणि मागोमाग अख्खी फाइल यायला लागली. होस्टिंगवाला जाता जाता सगळंच जीझिपने दाबत होता, त्यात रेंजची, म्हणजे तुकड्याची, मागणी गिळली जायची. ते बंद करायला लावलं तेव्हा सुरळीत. म्हणून 'साध्या वेबसर्व्हरवर ठेवलं की झालं' हे वाक्य जरा जपून. शिवाय बहुतेक ब्राउझर स्वतःहून टिफ दाखवत नाहीत, ओपनलेअर्ससारखं नकाशा दाखवणारं काही पानावर जोडावंच लागतं.

गावशिव
बरोबर, ते वाक्य घाईत लिहिलं.

टाइलवाली
मूळ प्रश्नाकडे येऊ. गावशिव, आता ते ईसीडब्ल्यू विंडोजवर उघडून त्याचंच कॉग करणार का? एकदा दाबलेलं पुन्हा जेपेगने दाबाल तर पत्र्याच्या छपरांच्या कडा पिंजून निघतील. ठेकेदाराकडून मूळ टिफ मागा.

गावशिव
मागितलं. म्हणाला, पैसे मिळाल्यावर डिस्क पुसून पुढच्या गावाला वापरली.

जरीब
मग त्या ईसीडब्ल्यूलाच जपा. उद्या दुपारी फोन करा, माझ्याकडे जुनं मशीन आहे, त्यावरून न दाबलेलं टिफ काढून देतो. पुढचं तुमचं तुम्ही बघा.