स्टोव्हशिवाय लांबचा ट्रेक: पूर्ण हिशेब कुणी मांडणार का?

गिरकी
"गरम जेवण ही निव्वळ सवय आहे, लांबच्या ट्रेकला स्टोव्ह नेणारे फुकटचं ओझं वाहतात." कालचं हे पोस्ट वाचून राहवलं नाही. वजनाचा हिशेब मांडायचा तर पुरता मांडा. छोटा स्टोव्ह ७०-८० ग्रॅम, भांडं शंभर-सव्वाशे, १०० ग्रॅम गॅसचा भरलेला डबा साधारण २०० ग्रॅम. झाले चारशे. आता स्टोव्ह न नेता कोरडं खाणं थंड पाण्यात भिजवून खाणाऱ्यांचं बघा. घट्ट झाकणाची बरणी आलीच. शिवाय रात्रीचं खाणं दुपारीच पाण्यात टाकायचं, म्हणजे पाव लिटर जास्तीचं पाणी घेऊन वर चढायचं. हे वजन कुणी काट्यावर ठेवत नाही.

आणि खाणं पोटात जायला हवं ना? दिवसभर पावसात भिजल्यावर बोटं वळत नाहीत, बरणीचं झाकण दातात धरून फिरवावं लागतं, आत थंडगार ओट्सचा लगदा. उंचीवर भूक आधीच मेलेली असते. दोन चमच्यांत माणूस बरणी बंद करून झोपतो. न खाल्लेल्या कॅलरी सकाळी पुन्हा पाठीवर.

बिनविस्तव
ते पोस्ट माझं. शब्द मागे घेणार नाही. दुपारपासून कोण भिजवतं? कुसकुसला (रव्याचे बारीक दाणे) अर्धा तास पुरतो, बटाट्याच्या फ्लेक्सना पाच मिनिटं. शेवटच्या झऱ्यावर बरणी भरायची, मुक्कामाला पोचेपर्यंत तयार.

गरम पाण्याने अंगात ऊब येते असं बरेच जण म्हणतात, तर आकडा घ्या. ५० अंशाचं अर्धा लिटर पाणी प्यायल्यावर शरीराला उष्णता मिळते जेमतेम ६-७ किलोकॅलरी. मूठभर सुकामेव्यात दीडशेच्या वर असतात. तेलाच्या एका ग्रॅमला ९. ऊब हवी तर स्निग्ध खा आणि कोरडे कपडे घाला. गॅसचा डबा विमानात चालत नाही, ना हातातल्या बॅगेत, ना चेक-इनमध्ये. उतरल्यावर निम्मा दिवस डबा शोधण्यात जातो, तो वेळ कुठल्या हिशेबात धरलात?

पायवाट
तुमचे ग्रॅम राहू द्या बाजूला. स्टोव्ह न आणणाऱ्यांचा मला आलेला अनुभव एकच: संध्याकाळी कप पुढे करतात. आमच्या ग्रूपमधले एक गृहस्थ निघताना छाती काढून सांगत होते, मी विस्तवाशिवाय राहतो. पहिल्या थंड रात्री मी वाऱ्याला मॅट आडवी धरून गुडघ्यावर बसलेय, आणि शेजारी त्यांचा कप. "अर्धाच दे." रोज अर्धाच. अर्धा लिटर उकळायला ७-८ ग्रॅम गॅस जातो, म्हणजे अख्खा डबा बारा-तेरा वेळांचा. शेवटच्या टप्प्यात माझाच गॅस संपला. डबा वाहिला मी, आणि कच्चं कोरडं खाल्लं तेही मीच.

बिनविस्तव
एका माणसाच्या वागण्याचं खापर आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर? मी आजवर कुणाकडे थेंबभर गरम पाणी मागितलेलं नाही.

पायवाट
तुमच्याबद्दल बोललेच नाही. पण तुमचं पोस्ट वाचून जे नवखे स्टोव्ह घरी ठेवतील ते मागणारच. आणि कुडकुडणाऱ्याला नाही म्हणायचं धाडस डोंगरात होत नाही, म्हणून भुर्दंड दरवेळी स्टोव्हवाल्यालाच.

सह्यमित्र
पायवाट यांच्याशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे तर वादावादी होऊन दोघं पुढचा पूर्ण दिवस बोलले नव्हते. कारण फक्त कपभर पाणी.

उंबरठा
अहो, कपभर पाण्यावरून मन इतकं आखडतं घ्यायचं असेल तर एकत्र निघता कशाला? आम्ही मागणाऱ्याला आधी देतो.

पायवाट
द्या ना! तुमचा डबा, तुमची मर्जी. माझ्या मनाचं माप काढू नका.

झरा
जरा पाण्यावर या. माझा फिल्टर एका रात्री गोठला. आतल्या पोकळ तंतूंचे फिल्टर गोठले की तडकतात, बाहेरून काही दिसत नाही आणि पाणी गाळलं जातंय असंच वाटतं. तेव्हा स्टोव्ह होता म्हणून निभावलं. एक मिनिट खळखळून उकळी, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. आणि भिजवणाऱ्यांपैकी कुणी राजम्याच्या वाटेला जात असेल तर थांबा. त्यातलं विष नुसतं भिजवून जात नाही, नीट उकळावंच लागतं.

बिनविस्तव
फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं. वर शुद्धीकरणाच्या गोळ्या ठेवायच्या, त्यांचं वजन नगण्य. राजमा कच्चा कुणीच नेत नाही, आधी शिजवून सुकवलेला नेतात.

गिरकी
आणि वाटेत नुसता बर्फच असेल तर? किलोभर बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात किलोभर पाणी शून्यावरून ८० अंशापर्यंत तापतं. ते काय अंगाच्या उबेवर करणार?

बिनविस्तव
बर्फात स्टोव्ह हवा. घ्या, मान्य. पण तुम्ही तो अपवाद धरून वर्षभराचा नियम करताय. वाटेत झरे आहेत, रात्री फार थंड नाहीत, मग डबा कशाला?

गिरकी
दोन-तीन रात्रींच्या उन्हाळी ट्रेकला नाही नेला तर अडत नाही, एवढं मीही मानते. पण लांबच्या ट्रेकला हवामान सांगून बदलत नाही. आठवडाभर ओलं राहिलेल्या माणसाला तुमच्या ६-७ किलोकॅलरी ऐकवून बघा.

पायवाट
माझा मुद्दा तसाच राहिला. स्टोव्ह नको असेल तर निघण्याआधी सांगा, म्हणजे गॅस मोजून घेता येतो. आणि तुमचे चारशे ग्रॅम वाचले, तर ग्रूपची औषधांची पिशवी तुमच्या सॅकमध्ये.

बिनविस्तव
पिशवी घेतो. हे आधी म्हणाला असतात तर इतकं भांडण झालंच नसतं.

पायवाट
भांडण तुमच्या पोस्टने काढलं. पिशवीत गोळ्यांबरोबर पट्ट्याही असतात, वजन करून घ्या.