बाजारभावनेवर चालणाऱ्या मॅनेज्ड फ्युचर्स फंडात रक्कम गुंतवावी का?

प्रश्न

माझी बहुतेक गुंतवणूक शेअर आणि रोखे यांमध्ये आहे. २०२२ मध्ये हे दोन्ही एकाच वेळी घसरले, तेव्हापासून दोहोंपेक्षा वेगळ्या चालीने जाणाऱ्या एखाद्या पर्यायात दहा टक्क्यांच्या आसपास रक्कम ठेवावी, असा विचार करीत आहे. नुकतेच एका मॅनेज्ड फ्युचर्स फंडाचे माहितीपत्रक वाचले. शेअर निर्देशांक, रोखे, चलने, कच्चे तेल आणि धान्य यांच्या फ्युचर्समध्ये (आज ठरलेल्या भावाने पुढील तारखेला खरेदी-विक्री करण्याच्या करारांमध्ये) हा फंड खरेदी करतो तसाच शॉर्टही जातो, म्हणजे भाव पडल्यास नफा व्हावा असा विक्रीचा सौदाही करतो. परंतु सौदे ठरविताना भावाच्या कलापेक्षा विक्स निर्देशांक (अमेरिकी शेअर बाजारातील अपेक्षित चढउताराचा, म्हणून भीतीचा मापक), पुट-कॉल गुणोत्तर (घसरणीसाठी आणि वाढीसाठी घेतलेल्या ऑप्शनचे, म्हणजे ठरलेल्या भावाने विक्री वा खरेदीचा हक्क देणाऱ्या करारांचे, प्रमाण), गुंतवणूकदारांची सर्वेक्षणे आणि बातम्यांच्या भाषेचे संगणकीय विश्लेषण यांना तो अधिक महत्त्व देतो. सर्वजण घाबरलेले असताना खरेदी करणे, हे त्यांचे मुख्य सूत्र आहे. जुन्या आकडेवारीवर घेतलेली चाचणी अतिशय आकर्षक दिसते, मात्र फंड प्रत्यक्षात २०२३ मध्ये सुरू झाला आहे. व्यवस्थापन शुल्क दोन टक्के आणि नफ्यातील वाटा वीस टक्के आहे. शेअर बाजार कोसळल्यास हा फंड मला सावरून धरेल का?

प्रतिसाद १

आपण शेवटी विचारलेला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि आपण सांगितलेल्या सूत्राकडे पाहता त्याचे उत्तर बहुधा नकारार्थी आहे.

मॅनेज्ड फ्युचर्सना मंदीतील आधार म्हणून जो लौकिक मिळाला, तो प्रामुख्याने कलानुसार सौदे करणाऱ्या फंडांमुळे मिळाला. २००८ मध्ये अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांचा एस अँड पी ५०० निर्देशांक लाभांश धरूनही सुमारे ३७ टक्के घसरला, त्या वर्षी अशा फंडांनी चांगला नफा कमावला, कारण भाव खाली येऊ लागताच ते शेअर निर्देशांकांत शॉर्ट गेले आणि घसरण चालू असेपर्यंत तसेच राहिले. २०२२ मध्ये हेच रोख्यांच्या बाबतीत घडले. याउलट, लोक घाबरले की खरेदी करणारा फंड नेमक्या त्या काळात आपल्या शेअरच्याच बाजूला उभा राहतो. म्हणजे ज्या वेगळेपणासाठी आपण त्याच्याकडे जात आहात, ते वेगळेपण आणीबाणीच्या वेळीच नाहीसे होते.

१० ऑक्टोबर २००८ रोजी विक्स ७० च्या जवळ बंद झाला, तेव्हा एस अँड पी ५०० निर्देशांक ८९९ वर होता. भीतीचे याहून ठळक लक्षण सापडणे कठीण. तरीही ९ मार्च २००९ रोजी तोच निर्देशांक ६७६ वर बंद झाला, म्हणजे तेथून आणखी चतुर्थांश घसरला. रोखीने शेअर घेणारा माणूस ही घसरण सोसून थांबू शकतो. फ्युचर्समध्ये मात्र तोटा दररोज चुकता करावा लागतो, आणि भांडवलाच्या दुप्पट रकमेचा सौदा असेल तर या एका घसरणीत निम्मे भांडवल संपते.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे. मला बाजारभावना मोजण्याच्या साधनांविषयी थोडे सांगायचे आहे, कारण माहितीपत्रकात ही सर्व साधने एकाच माळेत ओवलेली दिसतात. विक्स हा ऑप्शनच्या भावांवरून काढला जातो, म्हणजे त्यामागे लोकांनी प्रत्यक्ष मोजलेला पैसा असतो. सर्वेक्षणात उत्तर देणाऱ्याचे काहीच पणाला लागलेले नसते. अमेरिकेतील वायदे बाजारांची नियामक संस्था दर आठवड्याला कोणत्या गटाचे किती सौदे खुले आहेत याचा अहवाल देते. तो अत्यंत उपयुक्त आहे, परंतु त्यातील आकडे मंगळवारचे असतात आणि तो प्रसिद्ध होतो शुक्रवारी.

बातम्यांच्या विश्लेषणाबाबत विशेष सावध राहावे. २३ एप्रिल २०१३ रोजी असोसिएटेड प्रेसचे ट्विटर खाते हॅक करून व्हाइट हाउसमध्ये स्फोट झाल्याची खोटी बातमी टाकण्यात आली, तेव्हा डाऊ जोन्स निर्देशांक काही मिनिटांत शंभरहून अधिक अंकांनी खाली आला आणि तितक्याच झपाट्याने सावरला. संगणकाला शब्द वाचता येतात, खरेखोटे पारखता येत नाही.

जुन्या आकडेवारीवरील चाचणीचेही तसेच आहे. इतके निर्देशक हाताशी असताना त्यांपैकी मागील काळाला चपखल बसणारा एखादा संच सापडणारच. त्यामुळे किती संच तपासून बाद केले, हे फंडाने सांगितल्याखेरीज त्या आलेखाला मी फारसे महत्त्व देणार नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. मात्र एक शंका राहते. २०२३ नंतरची प्रत्यक्ष कामगिरी तर चांगली आहे. तिला काहीच अर्थ नाही का?

प्रतिसाद ३

अर्थ आहे, परंतु तो काळ कोणता होता हे पाहिले पाहिजे. ५ ऑगस्ट २०२४ रोजी विक्सने दिवसभरात ६५ ची पातळी ओलांडली आणि बाजार थोड्याच दिवसांत सावरला. एप्रिल २०२५ मध्ये आयातशुल्काच्या घोषणेनंतर दोन दिवसांत एस अँड पी ५०० दहा टक्क्यांहून अधिक कोसळला आणि ९ एप्रिलला एकाच दिवसात साडेनऊ टक्के उसळला. अशा झटपट उलटणाऱ्या बाजारात भीतीच्या वेळी खरेदी करणारा जिंकतो आणि कलामागे जाणाऱ्याची फरफट होते. २००८ सारखी महिनोन्‌महिने चालणारी घसरण या फंडाने प्रत्यक्षात अद्याप पाहिलेलीच नाही.

तरीही बाजारभावना सरसकट टाकाऊ आहे, असे मला वाटत नाही. कल हाच पाया ठेवून, एकाच बाजूला फार गर्दी झाली की सौद्याचा आकार कमी करणे, हा तिचा समंजस उपयोग आहे. म्हणून व्यवस्थापकांना असे विचारावे की, भाव सतत पडत असताना आणि भीती वाढत असताना ते खरेदी वाढवीत जातात की एका मर्यादेला थांबतात, आणि ती मर्यादा लेखी दिलेली आहे का.

शुल्काकडेही दुर्लक्ष करू नये. फ्युचर्सना मार्जिन (सौद्यासाठीची अनामत) म्हणून रकमेचा लहान भागच लागतो. उरलेला पैसा बहुधा अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांत असतो आणि त्यावर व्याज मिळते. त्या व्याजावरही वीस टक्क्यांचा वाटा घेतला जात असेल, तर जे आपल्याला घरबसल्या मिळाले असते त्यासाठी आपण पैसे मोजत आहात. पूर्वीचा तोटा भरून निघाल्याशिवाय नफ्यातील वाटा घेता येणार नाही, अशी अट करारात आहे की नाही, तेही तपासावे. माझ्या मते आपल्या हेतूसाठी कमी शुल्काचा, साधा कलानुसारी फंड अधिक योग्य ठरेल. मात्र २०११ नंतरच्या दशकात अशा फंडांची बरीच वर्षे कोरडी गेली होती, तेव्हा तेवढा धीर धरण्याची तयारी असेल तरच त्यात उतरावे.