ऑफिसचं नेट रोज का जातंय? – सोसायटी ग्रुप

मंगळवार

सेक्रेटरी काका: आज परत ऑफिसचं नेट गेलं. गेटचे कॅमेरे मोबाईलवर दिसेनात. कंपनीवाले म्हणतात, लाइन ठीक आहे. शेवटी वॉचमनला राऊटर बंद-चालू करायला लावला.

बी-७०२: काका, पुढच्या वेळी राऊटरला हात लावू नका, आधी मला फोन करा. काय काय घडलं ते राऊटर स्वतःच लिहून ठेवतो, पण बहुतेक साध्या राऊटरमध्ये ते रॅममध्ये असतं. प्लग काढला की सगळं पुसलं.

ए-१०१ काकू: लिहून ठेवतो ते दिसतं कुठे?

बी-७०२: काकू, ऑफिसच्या वायफायवर असताना ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचं. वेगळा पत्ता असेल तर राऊटरखालच्या स्टिकरवर असतो. लॉगिन केलं की सेटिंग्जमध्ये कुठेतरी ‘सिस्टीम लॉग’ सापडेल.

बुधवार

सी-३०४: आत्ता गेलं आणि आपोआप आलं. कुणी हात लावला नाही. लॉगचा फोटो 👇

बी-७०२: दादा, फोटो लगेच ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करा! कनेक्शनचं यूजरनेम आणि जोडलेल्या मोबाईलची नावं आहेत त्यात. मला एकटीला पाठवा.

सी-३०४: सॉरी, लक्षात नाही आलं. काढला. पण पहिल्याच ओळीत १ जानेवारी १९७० तारीख आहे. राऊटर बिघडलाय का?

बी-७०२: नाही, तीच ओळ सगळ्यात कामाची. अशा राऊटरला घड्याळाची बॅटरी नसते. सुरू होताना तो १९७० पासून मोजायला लागतो, नेट आलं की इंटरनेटवरून खरी वेळ घेतो. पहिली खरी वेळ १३:०३ दिसतेय, म्हणजे टाइमझोन ग्रिनिचचाच राहिलाय. साडेपाच तास मिळवा, संध्याकाळचे ६:३३.

सेक्रेटरी काका: त्यावरून काय कळलं?

बी-७०२: लाइन तुटली असती तर राऊटर चालूच राहिला असता. जुन्या ओळी जागेवर असत्या आणि खाली ‘वॅन डाउन’ (बाहेरची लाइन तुटली) अशी काहीतरी नोंद आली असती. इथे लॉगच नव्याने सुरू झालाय. म्हणजे बहुधा राऊटरची वीज गेली होती.

ए-१०१ काकू: अगं पण ऑफिसचे दिवे तर गेले नव्हते.

बी-७०२: म्हणूनच एका फोटोवर विसंबायचं नाही. माझा जुना लॅपटॉप ऑफिसात ठेवते. त्यावर नोंदी घेणारा प्रोग्राम चालू ठेवायचा आणि राऊटरच्या ‘रिमोट लॉग’मध्ये लॅपटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि पोर्ट ५१४ भरलं की प्रत्येक नोंद लगेच लॅपटॉपवरही येते. याला सिसलॉग म्हणतात. लॅपटॉपला बॅटरी आहे, त्यामुळे राऊटर बंद पडला तरी आधीच्या ओळी वाचतील. नोंदी किती बारीक हव्यात त्याच्या पातळ्या ० ते ७ असतात, मी ६ ठेवतेय. ७ वर बारीकसारीक नोंदींचा इतका पूर येतो की कामाची ओळ हरवते.

सी-३०४: वायफायवर चालेल?

बी-७०२: केबलच लावूया. या नोंदी यूडीपीने जातात, पोचली नाही तर राऊटर परत पाठवत नाही. विंडोजच्या फायरवॉलमध्येही पोर्ट ५१४ उघडावं लागतं, नाहीतर लॅपटॉपवरची लॉगची फाइल कोरीच राहते.

शुक्रवार

बी-७०२: दोन दिवसांत राऊटर चार वेळा नव्याने सुरू झाला. लॅपटॉपच्या घड्याळाप्रमाणे सकाळी साडेसहाच्या सुमारास दोनदा, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास दोनदा. प्रत्येक वेळी आधीची शेवटची ओळ अगदी साधी आहे, लाइन तुटल्याची नोंद एकदाही नाही. साडेसहाला काय चालू होतं?

ए-१०१ काकू: पाण्याचा पंप! सकाळ-संध्याकाळ साडेसहालाच लावतात.

सेक्रेटरी काका: खरंच की. राऊटरचं एक्स्टेन्शन पंपरूमच्याच लाइनवरून घेतलंय, मागच्या वर्षी कॅमेरे बसवताना.

बी-७०२: मग उलगडलं, काका. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, तेवढ्यात व्होल्टेज खाली येतं. दिवे फार तर लुकलुकतात, राऊटर मात्र पूर्ण बसतो.

सेक्रेटरी काका: उद्या इलेक्ट्रिशियनला बोलावतो. राऊटर ऑफिसच्या लाइनवर घेऊ आणि छोटा यूपीएसही लावू.

बी-७०२: आणि काका, कंपनीकडची तक्रार मागे घ्या. त्यांची लाइन खरंच ठीक होती, त्यांच्या माणसाला आपण उगाच बोललो.

सेक्रेटरी काका: घेतो. मी स्वतः फोन करून सांगतो त्याला.

मंगळवार

बी-७०२: शनिवारी दुपारी लाइन बदलल्यापासून १९७० ची ओळ एकदाही नाही. टाइमझोनही आपला केलाय. लॅपटॉप अजून पंधरा दिवस तिथेच राहू द्या, चार्जर कुणी काढू नका. रिमोट लॉगची सेटिंग्ज ऑफिसच्या वहीत लिहून ठेवलीत.