मदत हवी आहे: बॅलेत एका पायावर उभं राहिलं की कंबर कलते

नमस्कार मंडळी,
वय ३७. शाळेत असताना ८ वर्षं कथक, आणि आता दीड वर्ष मोठ्यांच्या बॅले वर्गाला जातेय. बार (आधाराचा आडवा दांडा) धरलेला असतो तोवर सगळं झकास, हात सोडला की घोळ.

डावा पाय जमिनीवर ठेवून उजवा पासेला (गुडघा वाकवून बोटं दुसऱ्या गुडघ्यापाशी) नेला की डावा खुबा बाहेर येतो आणि कमरेची उजवी बाजू खाली जाते. बाई ओरडतात, "पायावर उभी राहा, बसू नकोस!" डोक्याला कळतं, खुब्याला कळत नाही. लेकीकडून मागून व्हिडिओ काढून घेतला. लेगिंगच्या पट्ट्याची शिवण दोन्ही पायांवर असताना आडवी, पाय उचलला की उजवीकडे दोन बोटं खाली. सरळ करायला माकडहाड आत घेतलं तर टर्नआउट (खुब्यातून पाय बाहेर वळवणं) गायब.

कथकात टाचेवर चक्कर घेताना दुसऱ्या पायाचा ठोका लगेच मदतीला येतो. इथे चवड्यावर तोलून थांबायचं, तेही एकटीने!

महिनाभर थेराबँड (रबरी पट्टा) लावून क्लॅमशेल केले, म्हणजे कुशीवर पडून वरचा गुडघा उघडायचा व्यायाम. आडवं पडून जोर येतो, उभं राहिलं की परत तेच. आणखी एक, डाव्या बॅले शूचा तळ करंगळीच्या बाजूने काळा झालाय, अंगठ्याखाली कोरा करकरीत. याचा काही संबंध?

प्रतिसाद १
संबंध आहे. वजन बाहेरच्या कडेवर गेलं की खुबाही त्याच दिशेने सरकतो. अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ, टाच, तिन्हीकडे वजन हवं. आणि तुम्ही बहुतेक वजन डाव्या पायावर पोचायच्या आधीच उजवा उचलताय. दोन बोटं बारवर ठेवा, आधी वजन न्या, उजवी टाच हलकी झाली की मगच पाय.

क्लॅमशेल वाईट नाही, पण त्यात पायावर शरीराचा भार नसतो. कंबर आडवी धरणारा ग्लुटियस मीडियस (खुब्याच्या बाजूचा स्नायू) भाराखालीच तयार करायला हवा. जिन्याच्या पायरीवर बाजूने उभं राहा, डावा पाय पायरीवर, उजवा अधांतरी. गुडघा न वाकवता उजवी बाजू खाली सोडा, मग डाव्या खुब्याच्या जोरावर परत समपातळीत आणा. कुशीतून ओढून नाही! १० वेळा, सावकाश.

माकडहाड मोकळं सोडा. कमरेची पुढची दोन टोकदार हाडं आणि ओटीपोटाखालचं हाड एका उभ्या पातळीत आली की पुरे. टर्नआउट खुब्यात टिकेल तेवढाच घ्या. पाऊल जमिनीवर घासून वाढवलेला गुडघ्याला महागात पडतो.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. फक्त हा आडव्या शिवणीचा नियम सगळीकडे लावू नका. सेकंडला, म्हणजे बाजूला, पाय ९० अंशांच्या वर गेला की कंबर थोडी कलणारच, अरबेस्कमध्ये (पाय मागे उचलताना) पुढे झुकणारच. जांघेत दुखत असेल तर मात्र आधी फिजिओ.

धागाकर्ती
दुखत नाही, धन्यवाद! ५ दिवस जिन्यात करतेय. शेजारच्या काकूंनी "किल्ली विसरलीस का गं?" असं दोनदा विचारून झालं. उजव्यावर १० सहज होतात, डावा सातव्यालाच थरथरतो. शिवण आता एक बोटभर खाली. हे अनवाणी करायचं की शू घालून?