काठमांडू: धरहरा काँक्रीटचा, काष्ठमंडप लाकडाचा. वारसा कशाला म्हणायचं?

तळखडा:
काठमांडूहून नुकताच परतलोय. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात धरहरा मनोरा आणि काष्ठमंडप ही जुनी लाकडी वास्तू, दोन्ही कोसळले. दोन्ही पुन्हा उभे राहिलेत. पण एक बघून पोटात तुटलं, दुसऱ्यापुढे आपोआप हात जोडले गेले. नवा धरहरा २२ मजली, काँक्रीटचा, आत लिफ्ट. जुन्याचा मोडका बुंधा बाजूला जपून ठेवलाय, आणि खरं सांगतो, माझे पाय तिथेच थबकले. काष्ठमंडप मात्र स्थानिक लोकांनी हट्टाने लाकूड, वीट आणि मातीतच बांधला, २०२२ मध्ये पूर्ण केला. शहराला नाव देणारी वास्तू आहे ती! माझं ठाम मत: साहित्य आणि बांधायची रीत बदलली की उरते ती फक्त आकृती. तिला वारसा म्हणू नये.

आरसीसी:
पूर्ण असहमत. मी इमारतींचं स्ट्रक्चरल डिझाइन करतो. धरहऱ्याखाली सुमारे १८० माणसं गेली. काष्ठमंडपात त्या दिवशी रक्तदान शिबिर चालू होतं, तिथेही माणसं दगावली. आपण किल्लारी पाहिलंय. १९९३ ला दगडमातीच्या भिंतींनी झोपेतल्या माणसांना गाडलं. त्यानंतरही मातीतच बांधा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लोक जिथे चढणार, बसणार, ती वास्तू आधी सुरक्षित हवी. जुनेपणा नंतर.

तळखडा:
किल्लारीचं दुःख मान्य, पण तुलना चुकतेय. तिथे बऱ्याच घरांत माळवदाचं, म्हणजे मातीच्या जाड छपराचं, ओझं सुट्या दगडांच्या भिंतींवर होतं. काष्ठमंडपाचा भार चार मोठ्या लाकडी खांबांवर. भूकंपानंतर पुरातत्त्वज्ञांनी खणून पाहिलं तर विटांचा पाया शाबूत! शिवाय तो सातव्या शतकापर्यंत मागे जातो. तोवर ही वास्तू बाराव्या शतकातली समजत. मग पडलं का? आपल्या वाड्यांत खांब तळखड्यावर, म्हणजे पायथ्याच्या दगडावर उभा असतो, तसंच तिथे खांबाच्या टोकाची खुंटी दगडातल्या खोबणीत बसते. चारपैकी एका खांबाखाली तो दगडच नव्हता, आणि नंतर घातलेल्या फरशीने हे झाकून टाकलं होतं. मातीवर खापर कशाला? घात दुरुस्तीने केला.

बागमती_काठ:
पाच वर्षं नोकरीनिमित्त काठमांडूत होते. धरहऱ्यावर अन्याय होतोय. १९३४ च्या भूकंपातही तो पडला होता. आधी अकरा मजली होता, नंतरचा नऊ. म्हणजे २०१५ ला पडला तोही ‘मूळ’ नव्हताच. माझी घरमालकीण लहानपणी वडिलांचा हात धरून २१३ पायऱ्या चढल्याचं सांगायची. मनोरा गेल्यावर गच्चीवर येऊन त्या रिकाम्या आभाळाकडे बघत राहायची. तिला तिथे काहीतरी उभं हवं होतं. ते काँक्रीटचं आहे म्हणून खोटं ठरवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

चुनाविटा:
मग राणीपोखरीचं काय? राजा प्रताप मल्लाने १६७० मध्ये बांधवलेलं तळं. मुलाच्या मृत्यूने खचलेल्या राणीसाठी. २०१६ ला तिथे काँक्रीटने काम सुरू झालं, लोक रस्त्यावर उतरले, काम थांबलं. पुढे काँक्रीट काढून टाकलं आणि २०२० मध्ये पारंपरिक पद्धतीने तळं पूर्ण झालं. हे आंदोलन काठमांडूच्याच लोकांनी केलं, बाहेरच्या हौशी पर्यटकांनी नव्हे. माझ्या मते सगळा वाद इथेच मिटतो.

अलख:
एक राहतंय. काष्ठमंडपात गोरखनाथांची मूर्ती आहे. गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानदेव ही परंपरा सांगणाऱ्या माणसाला ती निव्वळ इमारत कशी वाटेल? मला तरी तिथे लाकूडच हवं.

तळखडा:
बागमती_काठ, तुमची घरमालकीण डोळ्यांसमोर उभी राहिली. ‘वारसा म्हणू नये’ हे शब्द मी मागे घेतो. धरहरा स्मारक म्हणून असू दे. पण काष्ठमंडपाबद्दल एक इंचही हलणार नाही. तिथे सुतारांची विद्याही वाचली, आणि ती काँक्रीट ओतून वाचत नाही.

आरसीसी:
खांबाखालच्या दगडाचं मला माहीत नव्हतं. लाकडाविरुद्धचा माझा मुद्दा त्याने बराच ढिला होतो, कबूल. पण मग तुम्हीच सांगा, जो दोष फरशीखाली वर्षानुवर्षं कुणाला दिसला नाही, तो पुढच्या वेळी कोण बघणार? दर किती वर्षांनी फरशी उचलायची, खुंटी कुजली का ते कुणी तपासायचं, हे ठरलंय का? ते ठरलं असेल तर मी तुमच्या बाजूचा.